हक्क आणि जिव्हाळा : वारशाच्या घरातील प्रेमकादंबरीची परंपरा

एकाच वडिलोपार्जित घरावर दोघांचा दावा असावा, कायद्याने ते घर एकाच्या पदरात टाकावे पण त्याची खरी ओढ दुसऱ्याला असावी, आणि हे दोन दावेदारच अखेर एकमेकांच्या प्रेमात पडून त्या घरात एकत्र नांदावेत, हे कथासूत्र इंग्रजी कादंबरीत दोन शतकांहून अधिक काळ टिकून आहे. प्रस्तुत ग्रंथ हा या सूत्राचा, आणि विशेषतः त्याच्या मर्यादशील ऐतिहासिक रूपाचा, मराठी वाचकांसाठी केलेला अभ्यास आहे. ऐतिहासिक प्रेमकादंबरी म्हणजे लेखनकाळाहून बऱ्याच जुन्या काळात घडणारी आणि नायक-नायिकेच्या मीलनाशी संपणारी कादंबरी. तिच्यापैकी जो प्रवाह शरीरसंबंधांचे चित्रण टाळून प्रेमाची वाढ वागण्याबोलण्यातून आणि एकमेकांसाठी केलेल्या कामांतून दाखवतो, त्याला येथे मर्यादशील म्हटले आहे. या प्रवाहाकडे वेळ घालवण्याचे वाङ्मय म्हणून पाहण्याची सवय अभ्यासकांना आणि वाचकांनाही आहे, आणि ती सवय मोडणे आवश्यक आहे, कारण मालकी आणि माया यांचा झगडा इतक्या चिकाटीने मांडणारा दुसरा लोकप्रिय कथाप्रकार इंग्रजीत सापडणे कठीण आहे.

या कथांचे इंजिन कायद्यात आहे, आणि तो कायदा समजल्याशिवाय त्यांतील भांडणे कृत्रिम वाटतात. इंग्लंडमध्ये मृत्युपत्र नसेल तर सारी जमीन थोरल्या मुलाकडे जाई; हा ज्येष्ठाधिकार 1925 च्या कायद्यांनी रद्द होईपर्यंत चालू होता. त्याच्या जोडीला 'एन्टेल' होते. एन्टेल म्हणजे मिळकत ठरावीक वंशक्रमाने, बहुधा पुरुष वारसांकडेच, जात राहील अशी तिच्यावर घातलेली बंधने. त्यांचा पाया 1285 च्या एका जुन्या कायद्यात होता. ही बंधने न्यायालयात मोडण्याच्या वाटा वकिलांनी पुढे शोधल्या, म्हणून सतराव्या शतकात 'स्ट्रिक्ट सेटलमेंट' नावाची नवी व्यवस्था रूढ झाली, जिच्यात घरातला कर्ता पुरुष हयातीपुरता उपभोग घेणारा ठरे आणि मिळकत पुढच्या पिढीसाठी राखून ठेवली जाई. अशा कर्त्याला उत्पन्न खाता येई, घर विकता येत नसे, आणि मुली असल्या तरी त्यांना ते देता येत नसे. विवाहित स्त्रीची स्थिती आणखी बिकट होती, कारण 'कव्हर्चर' या तत्त्वानुसार लग्नानंतर तिचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होई आणि 1882 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ताविषयक कायद्यापर्यंत तिला स्वतःच्या नावावर मालमत्ता सहजी राखता येत नसे. बापाचा अंत्यविधी उरकताच दूरचा कोणी पुरुष दारात उभा राहतो आणि घरच्या मुलींना सामान बांधावे लागते, हे दृश्य या कादंबऱ्यांत पुन्हापुन्हा येते ते या व्यवस्थेमुळे.

मराठी वाचकाने येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. आपल्याकडे, संस्थाने आणि काही वतने वगळली तर, मिताक्षरा परंपरेने सर्व पुत्रांना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला. त्यामुळे भाऊबंदकी विकोपाला गेली की वाटणी होते, अंगणात भिंत उभी राहते, दोन चुली होतात आणि वाडा तुकड्यातुकड्यांनी जगतो किंवा पडतो. इंग्रजी घर असे वाटून घेता येत नाही. ते एकाचेच राहणार असल्यामुळे दोन दावेदारांना तेथे सन्मानाने एकत्र राहायचे असेल तर विवाहाखेरीज मार्ग उरत नाही. दुसरा भेद याहून खोल आहे. इंग्लंडमध्ये सख्ख्या चुलत भावंडांचा विवाह आठव्या हेन्रीच्या काळातील 1540 च्या कायद्यापासून वैध आहे, तर मराठी समाजात मामे-आते भावंडांची लग्ने अनेक जातींत रूढ असली तरी चुलत घराण्यातला विवाह सगोत्र आणि सपिंड म्हणून निषिद्ध मानला जातो. ज्यांच्यात वाड्यावरून वाद होतो ते भाऊबंद एकाच कुळाचे असल्यामुळे त्यांच्यात प्रेमकथा संभवतच नाही. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त घर आहे, वाटा आहे, दागिने आहेत, भावंडांची ओढाताण आहे, पण त्या पेचातून विवाहाने बाहेर पडण्याची सोय नाही. म्हणून ते नाटक शोकाकडे जाते. इंग्रजी कादंबरीला जी सुखान्ताची वाट उघडी राहिली ती तिच्या आशावादी वृत्तीमुळे जितकी, तितकीच विवाहाच्या नियमांमुळेही.

परंपरेच्या आरंभी शार्लट स्मिथ या लेखिकेचे नाव घ्यावे लागते. तिच्या सासऱ्याने वकिलाची मदत न घेता स्वतःच्या हाताने केलेले मृत्युपत्र इतके गुंतागुंतीचे होते की 1776 मध्ये त्याचे निधन झाल्यावर सुरू झालेला तंटा 1813 पर्यंत निकालात निघाला नाही, आणि मुलांचा वाटा मिळावा म्हणून झगडणारी स्मिथ 1806 मध्येच वारली. घर चालवण्यासाठी तिने ज्या कादंबऱ्या लिहिल्या त्यांतील 1793 च्या 'द ओल्ड मॅनर हाऊस'मध्ये रेलँड हॉल नावाचे जुने घर, त्याची हट्टी मालकीण, वारसा मिळण्याची आशा बाळगणारा ऑर्लँडो आणि त्याच घरात आश्रितासारखी वाढलेली मोनिमिया आहे. प्रेमकथेचे आणि मृत्युपत्राचे धागे एकमेकांत इतके पक्के विणण्याचे कसब स्मिथने दाखवले, आणि पुढच्या लेखिकांनी ते उचलले.

जेन ऑस्टेनचे या परंपरेतील स्थान मात्र समजले जाते त्याहून वेगळे आहे. वडिलांच्या 1805 मधील निधनानंतर ती, तिची आई आणि बहीण यांना स्थिर घर राहिले नाही. श्रीमंत नाइट घराण्यात दत्तक गेलेल्या एडवर्ड या भावाने 1809 मध्ये चॉटनची कॉटेज दिली तेव्हा तिच्या लेखनाला पुन्हा गती आली. 1811 च्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'त एक म्हातारा नॉरलँडची इस्टेट चार वर्षांच्या मुलाच्या बाळलीलांवर भुलून त्याच्यासाठी राखून ठेवतो आणि वर्षानुवर्षे सेवा केलेल्या मायलेकी उघड्या पडतात. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (1813) लाँगबर्नचा भावी वारस मिस्टर कॉलिन्स त्या घरातील मुलीला मागणी घालतो आणि ती भरपाई आहे असे मानतो. म्हणजे घर राखण्यासाठी वारसाशी लग्न करण्याचा तोडगा ऑस्टेनने वाचकापुढे ठेवला, आणि एलिझाबेथच्या नकाराने तो फेटाळलाही. 'पर्स्वेजन'मध्ये हाच प्रसंग अधिक गंभीर सुरात येतो. केलिंच हॉलचा वारस असलेला चुलत भाऊ अ‍ॅनच्या मागे आहे, तिच्या आईच्या जागी ती घरात परत जाऊ शकेल हे चित्र तिच्यापुढे रंगवले जाते, क्षणभर तिचे मन हलते, आणि तरीही ती त्या माणसाला ओळखून दूर राहते. घरासाठी माणूस पत्करणे हा अधर्म आहे, हा या परंपरेचा पहिला दंडक ऑस्टेनने घालून दिला, आणि नंतरच्या प्रत्येक चांगल्या लेखकाला त्याला उत्तर द्यावे लागले.

एमिली ब्राँटेच्या 'वदरिंग हाइट्स'मध्ये (1847) सूडाने पेटलेला हीथक्लिफ गहाणखत आणि विवाह ही दोन्ही कायदेशीर हत्यारे वापरून दोन घराण्यांची दोन घरे गिळतो. ही कादंबरी मर्यादशील सुखान्त कथेच्या शेजारी ठेवणे अनेकांना खटकेल, परंतु तिचा उत्तरार्ध त्याच सूत्राचे सर्वांत तीव्र रूप आहे. घराच्या मुख्य दारावर 1500 हे साल आणि 'हेअरटन अर्नशॉ' हे नाव कोरलेले आहे. त्याच नावाचा, त्याच घराचा न्याय्य वारस असलेला तरुण तेथे गड्यासारखा राबतो आणि आपल्याच दारावरचे आपलेच नाव त्याला वाचता येत नाही. त्याच्या अडाणीपणाला हसणारी धाकटी कॅथरीन, जिचे घरही बळकावले गेले आहे, शेवटी त्याला वाचायला शिकवते, आणि लुबाडल्या गेलेल्या या दोन वारसांच्या विवाहाच्या दिशेने कादंबरी संपते. सी. पी. सँगर या कायदेतज्ज्ञाने 1926 मध्ये या कादंबरीतील वंशावळ, कालक्रम आणि मालमत्तेचे व्यवहार तपासून ब्राँटेची कायद्याची जाण किती काटेकोर होती हे दाखवले. वारशाच्या कथांकडे कायद्याच्या नजरेने पाहण्याची पद्धत त्या छोट्या निबंधाने रुजवली.

तरीही या प्रकाराची मध्यवर्ती कादंबरी निवडायची झाली तर अँथनी ट्रॉलपची 'द बेल्टन इस्टेट' (1866) निवडावी लागेल, आणि ती आज इतकी कमी वाचली जाते ही खेदाची बाब आहे. ट्रॉलपला हुकलेल्या वारशाची झळ घरातूनच ठाऊक होती: त्याच्या वडिलांना ज्या मामांची इस्टेट मिळेल असे सारे धरून चालले होते, त्या मामांनी उतारवयात पुन्हा लग्न केले आणि त्यांना मुले झाली. कादंबरीत क्लारा अ‍ॅमिड्रोझचा भाऊ आत्महत्या करतो आणि सॉमरसेटमधील बेल्टनचे घर एन्टेलमुळे विल बेल्टन या दूरच्या नातलगाकडे जाणार हे ठरते. खचलेल्या बापाला आणि क्लाराला हा वारस शत्रूच वाटायला हवा. पण विल स्वभावाने शेतकरी आहे. तो येतो, गोठा बांधायला घेतो, क्लाराला एक गाय भेट देतो आणि तिच्या बापाच्या अंधारलेल्या घरात माणसांची वर्दळ सुरू करतो. दुसरीकडे क्लाराचे मन गुंतले आहे ते कॅप्टन एल्मर या प्रतिष्ठित गृहस्थात, ज्याच्या प्रेमात हिशेब आहे पण ऊब नाही. गाय ही येथे गंमत म्हणून आलेली नाही. ज्या माणसाला उद्या सारे मिळणार आहे तो आज दुसऱ्याच्या घरात दूधदुभते असावे म्हणून झटतो, ही त्याची प्रेमाची भाषा आहे. पुढे घर त्याच्या हाती येते तेव्हा ते क्लाराचेच असले पाहिजे, असा हट्ट तो धरून बसतो. त्याच लेखकाच्या 'कझिन हेन्री'त (1879) उलट प्रकार आहे: इझाबेलने मामेभावाशी लग्न केले तर लॅनफेअरचे घर दोघांचे होईल अशी तिच्या मामांची इच्छा असते, ती साफ नकार देते, आणि प्रवचनांच्या ग्रंथात दडलेल्या मृत्युपत्राभोवती उरलेली कथा फिरते.

या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या की त्यांतून एक नियम हाती लागतो, आणि प्रस्तुत ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन त्याच नियमाविषयी आहे. प्रतिस्पर्ध्यांच्या प्रेमकथेत दावा आधी सुटावा लागतो, मागणी नंतर यावी लागते. ज्याच्या हाती हक्क आहे त्याने तो सोडण्याची तयारी दाखवल्याशिवाय, आणि जिच्या मनात घराची ओढ आहे तिने घराविनाही तो माणूस पत्करण्याची तयारी दाखवल्याशिवाय, वाचक त्यांच्या विवाहाला संमती देत नाही. 2010 मध्ये सुरू झालेल्या 'डाऊन्टन अ‍ॅबी' या दूरचित्रवाणी मालिकेने हाच नियम काटेकोरपणे पाळला. टायटॅनिक बुडाल्याने वारस नाहीसे होतात, मँचेस्टरचा वकील मॅथ्यू क्रॉली घराचा धनी ठरतो, थोरली मुलगी मेरी त्याचा तिरस्कार करता करता त्याच्यावर प्रेम करू लागते. पण नवा वारस जन्मण्याची शक्यता निर्माण होताच ती उत्तर द्यायला कचरते, आणि तेवढ्या कचरण्यावरून मॅथ्यू मागे फिरतो. पुढील वर्षे त्या एका क्षणाची किंमत चुकवण्यात जातात.

प्रत्यक्ष जीवनात हे सूत्र इतके सुखाने सुटत नाही, याचे ठळक उदाहरण केंटमधील नोल या विशाल घराचे आहे. दुसऱ्या लॉर्ड सॅकव्हिलची अनौरस कन्या व्हिक्टोरिया हिने 1890 मध्ये त्या घराचा भावी वारस असलेल्या आपल्या चुलत भावाशी, लायनेलशी, विवाह केला आणि घर राखले. संसार मात्र विटला, 1910 मध्ये वारशावरून खटला उभा राहिला, आणि त्यांची एकुलती मुलगी व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट हिला स्त्री असल्यामुळे 1928 मध्ये ते घर काकांकडे जाताना पाहावे लागले. त्याच वर्षी व्हर्जिनिया वुल्फचे 'ऑर्लँडो' आले, ज्यात व्हिटावर बेतलेल्या पात्राला शेवटी ते घर लाभते. वास्तवाने जे नाकारले ते कादंबरीने दिले.

विसाव्या शतकात या प्रकाराला आजचे रूप दिले ते जॉर्जेट हेयर (1902–1974) हिने. तिच्या बहुतेक गाजलेल्या कादंबऱ्या रीजन्सी काळात घडतात. रीजन्सी म्हणजे 1811 ते 1820 ही वर्षे, जेव्हा तिसऱ्या जॉर्ज राजाच्या मनोविकारामुळे त्याचा पुत्र राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहत होता. ऑस्टेन आणि ट्रॉलप आपापल्या वर्तमानाविषयी लिहीत होते. हेयरने तो काळ कपडे, वाहने, बोलीतले वाक्प्रचार आणि पैशाचे व्यवहार यांच्या बारीक अभ्यासातून पुन्हा उभा केला. 'द अननोन एजॅक्स'मध्ये (1959) म्हाताऱ्या लॉर्ड डॅरकॉटचा थोरला मुलगा व नातू बुडून मरतात आणि विणकराच्या मुलीशी लग्न केलेल्या, घरातून तोडलेल्या दुसऱ्या मुलाचा मुलगा, मेजर ह्यूगो, वारस ठरतो. घरच्यांना तो गावंढळ असणार याची खात्री असते, म्हणून तो यॉर्कशरचा ठसकेबाज हेल मुद्दाम काढून त्यांची समजूत पक्की करतो. आजोबांनी ज्या चुलत बहिणीला त्याच्याशी लग्न करण्याचा हुकूम सोडला आहे ती अँथिया आरंभापासून सावध आहे. ह्यूगोला त्या घराची गरजच नाही, हे वाचकाला हळूहळू कळते, आणि अँथियाचा भाऊ चोरट्या व्यापारात अडकून जखमी होतो तेव्हा सबंध घर वाचवणारा माणूस तो नकोसा वारसच निघतो. 'अ सिव्हिल काँट्रॅक्ट' (1961) याहून शांत आणि बहुधा अधिक मोठी आहे: कर्जात बुडालेले फाँटली हे घर वाचवण्यासाठी अ‍ॅडम एका व्यापाऱ्याच्या साध्या दिसणाऱ्या मुलीशी, जेनीशी, लग्न करतो, आणि प्रेम लग्नानंतर, भांडारघर आणि जेवणाचे टेबल यांच्या संगतीत उगवते. ऑस्टेनच्या दंडकाला हेयरने दिलेले हे धाडसी उत्तर आहे. ही पुस्तके लिहिली जात होती तेव्हा इंग्लंडमधील शेकडो जुनी घरे पाडली जात होती. 1894 पासून लागू झालेला मृत्यूनंतरचा मालमत्ता कर, दोन महायुद्धे आणि नोकरचाकरांची टंचाई यांनी ती पोखरली होती, आणि नोलसारखी घरे नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे सोपवावी लागत होती. हेयरच्या विनोदाखाली जी हुरहुर आहे तिचे मूळ येथे आहे.

हेयरनंतरचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. बार्बरा कार्टलंडने हा मालमसाला सातशेहून अधिक पुस्तकांत पातळ केला. 1972 मध्ये कॅथलीन वुडिविस यांच्या 'द फ्लेम अँड द फ्लॉवर'ने उघड शृंगाराचा प्रवाह अमेरिकेत सुरू केला. आणि त्याच्या प्रतिक्रियेतून मर्यादशील लेखनाचा स्वतंत्र सुभा तयार झाला, ज्याची अलीकडची ठळक खूण म्हणजे 2012 मधील ज्युलिअ‍ॅन डोनाल्डसन यांची 'एडनब्रुक'. या नव्या पुस्तकांतील पुष्कळ बेतीव आहेत. त्यांत घर नुसता देखावा असतो, छप्पर गळत नाही, खंडकऱ्यांच्या तक्रारी नसतात आणि मृत्युपत्रातील अट एखाद्या खेळाच्या नियमासारखी असते. या प्रकारातील मर्यादा ही नैतिक दक्षता म्हणून नव्हे तर कलेची शिस्त म्हणून सार्थ होते, हे त्यांच्या लेखकांना उमगलेले दिसत नाही. स्पर्शाची भाषा बाजूला ठेवली की प्रेमाला दुसरी भाषा शोधावी लागते, आणि ती या कथांत घराच्या कामांतून मिळते: हिशेबाच्या वह्या एकत्र तपासणे, जुन्या नोकराची सोय लावणे, दोघांपैकी कोणाला कोणती खोली प्रिय आहे हे न विचारता ओळखणे. जेथे ही कामे खरी वाटतात तेथेच प्रेमही खरे वाटते.

या परंपरेवर दोन आक्षेप गंभीर आहेत आणि प्रस्तुत ग्रंथ ते टाळत नाही. पहिला असा, की 1882 पूर्वीच्या नायिकेने विवाह करून घर मिळवले असे म्हणताना ते कायद्याने पतीच्याच ताब्यात गेले हे विसरले जाते. सुखान्ताचा सारा भार नवऱ्याच्या सज्जनपणावर राहतो. दुसरा, ही घरे कोणाच्या पैशावर उभी होती, हा. ऑस्टेनच्या 'मॅन्सफिल्ड पार्क'मधील घराचा धनी अँटिग्वाच्या मळ्यांचा मालक आहे. 1833 च्या कायद्याने गुलामगिरी संपवताना ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंडांची भरपाई गुलामांच्या मालकांना दिली. आणि नॅशनल ट्रस्टच्या 2020 मधील अहवालाने त्याच्या ताब्यातील 93 वास्तूंचा संबंध वसाहती किंवा गुलामगिरीशी असल्याचे नोंदवले. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतून आलेल्या पैशावर ग्लॉस्टरशरमध्ये सेझिंकोटसारखी मोगल घुमटाची घरेही उभी राहिली. ज्या कथा 'हे घर कोणाचे' असे विचारतात त्यांना हा प्रश्न एवढ्या दूरवर नेऊन विचारणे अन्यायाचे नाही.

महाराष्ट्रात हा विषय आज हाती घेण्यास कारण आहे. महाराष्ट्राने 1994 च्या दुरुस्तीने अविवाहित मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत सहदायादाचा, म्हणजे जन्मतः वाटेकऱ्याचा, हक्क दिला. 2005 मध्ये केंद्रीय कायद्याने तो सर्व मुलींना दिला, आणि 2020 च्या विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. तरीही भावाशी संबंध राहावेत म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी गावोगावी आहेत, आणि पुनर्विकासात जाणाऱ्या वाड्यांच्या बैठकांत चौरस फुटांखेरीज दुसऱ्या कशाचे मोल होत नाही. हक्क सोडणे हा त्याग केव्हा असतो आणि लूट केव्हा, याची पारख या कादंबऱ्या बारकाईने करतात: विल बेल्टन सोडतो तेव्हा त्याच्या हाती सत्ता असते, बहिणीकडून सोडवून घेतले जाते तेव्हा नसते.

म्हणूनच या ग्रंथात कादंबऱ्यांची क्रमवार ओळख करून देण्यापेक्षा मृत्युपत्र, किल्ल्या, दुरुस्ती, पाहुणा वारस आणि नकार अशा प्रसंगांभोवती त्यांचे एकत्र वाचन केले आहे, आणि प्रत्येक ठिकाणी त्या काळचा कायदा कथेच्या शेजारी ठेवला आहे. ग्रंथाची मर्यादा इंग्लंडपुरती आहे. आयर्लंड व स्कॉटलंड यांचे वारसा-कायदे वेगळे असल्याने त्यांना स्वतंत्र अभ्यासाची गरज आहे. या प्रकाराशी प्रथमच ओळख होणाऱ्या वाचकाने मूळ पुस्तकांपैकी आधी 'द बेल्टन इस्टेट' आणि मग 'द अननोन एजॅक्स' वाचावी. त्या दोन्हींची गोडी लागल्यावर 'पर्स्वेजन'कडे परत जावे, आणि केलिंच हॉलचा मोह अ‍ॅनला पडतो ते पान सावकाश वाचावे.